विमान इंधनावरचा कर आणि तिकिटातलं यूडीएफ: हा पैसा शेवटी जातो कुठे?

हिशेबी

देशांतर्गत विमानप्रवासाच्या खर्चावर एक टिपण लिहितो आहे. त्यात करांच्या भागाशी गाडी अडली आहे. जाणकारांनी खालच्या गोष्टी उलगडून सांगाव्यात.

१. एटीएफ, म्हणजे विमानाचं टर्बाइन इंधन, यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट दोन्ही लागतात. ते एकावर एक चढतात की दोन्ही मूळ किमतीवरच मोजतात? विमान कंपनीला त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळते का?

२. राज्याला इंधनाच्या व्हॅटमधून जे मिळतं ते त्या राज्यातल्या विमानतळांवर खर्च करायचं बंधन आहे का? नसेल तर विमानतळाचा खर्च निघतो कशातून?

३. तिकिटावर यूडीएफ (विमानतळ वापराचं शुल्क), एएसएफ (विमान सुरक्षा शुल्क) असे रकाने असतात. हे कर आहेत की शुल्क? का नुसतंच नाव वेगळं?

४. अमेरिकेत इंधनावरचा कर विमानतळावरच वापरावा लागतो असं वाचलं. ते कितपत खरं?

आकडे आणि कायद्याची कलमं दिलीत तर उत्तम. ‘सरकार लुटतं’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते इतर धाग्यांवर भरपूर आहेत.

कागदपत्रे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

एटीएफ जीएसटीत नाही. कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि एटीएफ हे पाच पदार्थ घटनेच्या २७९अ(५) कलमाखाली जीएसटी परिषदेच्या शिफारशीपर्यंत बाहेर ठेवले आहेत. त्यामुळे १ जुलै २०१७ नंतरही त्यावर जुनीच व्यवस्था चालते: केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा विक्रीकर. उत्पादन शुल्क ऑक्टोबर २०१८ मध्ये १४% वरून ११% झालं. महाराष्ट्रात मुंबई महापालिका क्षेत्र, पुणे आणि रायगड जिल्ह्यांत व्हॅट २५% होता, तो २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १८% वर आणला. रायगडचं नाव त्यात का, ते नवी मुंबई विमानतळ पनवेल तालुक्यात आहे हे आठवलं की कळतं.

आणि हो, एकावर एक चढतात. व्हॅट लागतो तो उत्पादन शुल्क धरून झालेल्या किमतीवर. हिशेबाला सोपी म्हणून मूळ किंमत ८०,००० रुपये प्रति किलोलिटर धरू (बाजारभाव दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, हा आकडा फक्त उदाहरणाचा):

मूळ किंमत ८०,०००
उत्पादन शुल्क ११% = ८,८०० → ८८,८००
व्हॅट १८% = १५,९८४ → १,०४,७८४

म्हणजे ११ आणि १८ मिळून २९ होत नाहीत, ३०.९८ होतात. व्हॅट २५% असता तर हीच रक्कम १,११,००० झाली असती. ५% असेल तर ९३,२४०.

आता क्रेडिट. विमान कंपनी तिकिटावर जीएसटी भरते आणि इंधनावर उत्पादन शुल्क व व्हॅट. दोन वेगळ्या व्यवस्था, त्यामुळे एकाची वजावट दुसऱ्यात नाही. जेवढा कर भरला तेवढा थेट खर्चात. इकॉनॉमी तिकिटाच्या ५% दराची अटही अशी आहे की सेवांवरचं क्रेडिट घेता येतं, मालावरचं नाही. म्हणून इंधन भरण्याच्या सेवेचं बिल, म्हणजे टँकर किंवा हायड्रंटमधून विमानात इंधन चढवण्याचे पैसे, त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. त्याच नळीतून गेलेल्या इंधनावरच्या कराचं मात्र नाही. दोन्ही रकमा एकाच बिलात एकत्र टाकल्या तर लेखापरीक्षणात हमखास अडतं. वेगळी बिलं मागून घ्यावीत.

आंतरराष्ट्रीय उड्डाणाचं गणित निराळं. केंद्रीय विक्रीकर कायद्याच्या ५(५) कलमानुसार नियुक्त भारतीय कंपनीनं आपल्या आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी घेतलेलं एटीएफ निर्यातीच्या ओघातली खरेदी मानलं जातं, म्हणून त्यावर व्हॅट नाही. उत्पादन शुल्काचीही सूट आहे. २०२२ च्या जुलैत निर्यातीवर विशेष अतिरिक्त शुल्क आलं तेव्हा या सुटीबद्दल गोंधळ उडाला होता, सरकारनं तो त्याच महिन्यात खुलासा करून मिटवला.

खरी डोकेदुखी होते ती विमान परत आल्यावर. दुबईहून आलेलं विमान पुढची फेरी देशांतर्गत करणार असेल तर टाकीत उरलेलं इंधन कस्टम्सच्या दृष्टीनं आयात माल ठरतं. उतरल्यावर टाकीतली शिल्लक नोंदवायची, तिच्यावर शुल्क भरायचं. भारतीय कंपनीनं जाताना जेवढं शुल्क भरलेलं इंधन नेलं होतं तेवढ्या प्रमाणापर्यंत सूट मिळते, पण त्यासाठी निघतानाची पावती आणि उतरल्यावरची नोंद जुळली पाहिजे. इंधनमापक किलोत दाखवतो, पावती लिटरमध्ये असते. घनता कोणत्या तापमानाची धरली यावरून फरक पडतो आणि वाद तिथेच सुरू होतो.

धावपट्टी_२७

वरच्या प्रतिसादात एक भर हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मुंबईत भरलेल्या प्रत्येक लिटरवर १८% लागतात.

केंद्रीय विक्रीकर कायद्याच्या १४ व्या कलमात ‘घोषित माल’ची यादी आहे. त्या मालावर राज्याला ५% पेक्षा जास्त कर लावता येत नाही, ती मर्यादा १५ व्या कलमात. या यादीत एटीएफच्या दोन नोंदी आहेत. पहिली: टर्बोप्रॉप, म्हणजे पंखेवाल्या, विमानाला विकलेलं एटीएफ. दुसरी: कमाल उड्डाणभार ४०,००० किलोपेक्षा कमी असलेल्या आणि शेड्यूल्ड (ठरलेल्या वेळापत्रकानं उड्डाणं करणारी) विमान कंपनी चालवत असलेल्या विमानाला विकलेलं एटीएफ. एटीआर-७२ चा कमाल उड्डाणभार जेमतेम २३ टन, शिवाय पंखेवालं, म्हणून मुंबईतही त्याला ५%. शेजारीच उभ्या असलेल्या ए३२० या मोठ्या जेटला पूर्ण दर. दर विमानतळावरून नाही, विमानावरून ठरतो.

दोन्ही नोंदींतला बारीक फरक लक्षात ठेवा. टर्बोप्रॉपच्या नोंदीत कंपनी कोणती याची अट नाही. ४० टनांच्या नोंदीत ‘शेड्यूल्ड’ची आहे. म्हणून भाड्यानं चालणारं छोटं बिझनेस जेट ८-१० टनांचं असलं तरी त्याला सवलत नाही. पावतीवर विमानाचा नोंदणी क्रमांक चुकला किंवा फक्त फ्लाइट क्रमांक टाकला की तेल कंपनी पूर्ण दर लावते आणि मग क्रेडिट नोटसाठी महिनोनमहिने पत्रव्यवहार. आयत्या वेळी विमान बदललं (एटीआरऐवजी ए३२० लावलं किंवा उलट) की ही चूक ठरलेली.

तिसरा थर उडानचा. उडान या प्रादेशिक संपर्क योजनेत सहभागी झालेल्या राज्यांनी उडान विमानतळांवर भरलेल्या एटीएफवरचा व्हॅट १० वर्षांसाठी १% किंवा त्याहून कमी ठेवायचं मान्य केलं, केंद्रानं उत्पादन शुल्क सुरुवातीच्या काळासाठी २% केलं. वरचंच उदाहरण: ८०,००० + १,६०० = ८१,६००, त्यावर ८१६, एकूण ८२,४१६. मुंबईच्या ए३२० च्या दरापेक्षा २२ हजारांहून जास्त स्वस्त, तेच इंधन.

एवढा फरक असेल तर स्वस्त ठिकाणी जादा भरून नेणार नाही का? नेतातच. याला टँकरिंग म्हणतात. पण जादा इंधनाचं वजन वाहायलाही इंधन जळतं, ढोबळमानानं तासाला जादा वजनाच्या ३% च्या आसपास. दीड तासाच्या उड्डाणावर ३ टन (घनता ०.८ धरून ३.७५ किलोलिटर) जादा नेलं तर सुमारे १३५ किलो वाटेतच जळेल, पोहोचेल २,८६५ किलो म्हणजे ३.५८ किलोलिटर. ५% च्या राज्यात भरायला लागले ३,४९,६५०. १८% च्या राज्यात तेवढंच पोहोचलेलं इंधन घ्यायचं तर ३,७५,२५८. एका फेरीत साधारण २५ हजार वाचले. उतरतानाची कमाल वजनमर्यादा, ओली किंवा आखूड धावपट्टी, तापलेले ब्रेक थंड व्हायला लागणारा वेळ हे सगळं आड येतं, म्हणून दरवेळी जमत नाही. पण जमतं तेव्हा जास्त दराच्या राज्याच्या पदरी शून्य व्हॅट पडतो. राज्यं एकमेकांकडे बघून दर का उतरवतात याचं उत्तर अर्ध्याहून अधिक इथे आहे. कर लावायची वस्तू उडून जाऊ शकते!

लोकलेखा

प्रश्न २ आणि ३ एकत्र घेतो, कारण दोन्हींची गोम एकच: पैसा ‘कर’ म्हणून आला की ‘शुल्क’ म्हणून.

कर म्हणून आला तर तो एकत्रित निधीत जातो. घटनेचं २६६(१) कलम. व्हॅट राज्याच्या एकत्रित निधीत, उत्पादन शुल्क केंद्राच्या. एकदा तिथे पडला की त्याला वास उरत नाही. तो एटीएफमधून आला की दारूवरच्या करातून, हे खर्चाच्या बाजूला कुठेच लिहिलेलं नसतं. बाहेर काढायचा तर विधिमंडळानं विनियोजन कायदा करून काढायचा (राज्यात कलम २०४, केंद्रात ११४). केंद्राच्या उत्पादन शुल्काचं तर आणखी एक वळण: मूळ उत्पादन शुल्क वाटपयोग्य करांत येतं, त्यातला वाटा (पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रानं ४१%) सर्व राज्यांत विभागला जातो. म्हणजे पुण्याला भरलेल्या इंधनावरच्या शुल्काचा अंश अशाही राज्याला जातो जिथे ते विमान कधी उतरणार नाही. त्यात गैर काही नाही, करांचं कामच ते.

तेव्हा थेट उत्तर: एटीएफवरचा व्हॅट विमानतळांवर खर्च करायचं कोणतंही कायदेशीर बंधन भारतात नाही.

मग विमानतळ चालतो कशावर? मोठ्या विमानतळांचे दर २००८ च्या कायद्यानं स्थापन झालेलं विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, एईआरए, ठरवतं. ‘मोठा’ म्हणजे मुळात वर्षाला १५ लाख प्रवासी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३५ लाख. पद्धत अशी की विमानतळाला पाच वर्षांत किती महसूल लागेल ते आधी काढायचं. काल्पनिक आकडे घेऊन दाखवतो, सगळे वार्षिक:

नियमनाखालची मालमत्ता १,००० कोटी, त्यावर वाजवी परतावा १२% धरला तर १२० कोटी. घसारा ५० कोटी. चालवण्याचा व देखभालीचा खर्च २०० कोटी. आयकर १० कोटी. बेरीज ३८० कोटी. दुकानं, जाहिराती, पार्किंग यांचं बिगर-वैमानिक उत्पन्न १५० कोटी असेल तर त्यातले ३०%, म्हणजे ४५ कोटी, वजा. (२०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणातलं हेच ते ‘हायब्रिड टिल’.) उरले ३३५ कोटी. लँडिंग, पार्किंग वगैरेंतून १८५ कोटी येणार असतील तर खड्डा १५० कोटींचा. निघणारे प्रवासी ५० लाख असतील तर माणशी ३०० रुपये. हा झाला यूडीएफ.

या हिशेबात एटीएफवरचा व्हॅट कुठेच आला नाही, हे बघा. ना जमेला, ना वजाबाकीत. व्हॅट दुप्पट झाला तरी विमानतळाच्या तिजोरीत दमडी जास्त येत नाही; उलट तिकीट महागून प्रवासी घटले तर भाजक कमी होतो आणि पुढच्या नियंत्रणकाळात यूडीएफ वाढतो. प्रवासी अंदाजापेक्षा जास्त आले तर उलटं, जादा मिळालेलं पुढच्या पाच वर्षांत वजा होतं. एईआरएच्या आदेशांत याला ‘ट्रू-अप’ म्हणतात आणि आदेशातली सगळ्यात वाचनीय प्रकरणं तीच असतात, कारण मागच्या वेळी कोणाचा अंदाज किती चुकला ते तिथे आकड्यांत दिसतं.

इंधनाशी संबंधित एक रक्कम पूर्वी विमानतळाला थेट मिळायची: फ्युएल थ्रूपुट चार्ज. विमानतळ तेल कंपनीकडून प्रति किलोलिटर घ्यायचा, तेल कंपनी ती एटीएफच्या किमतीत मिळवायची, आणि मग त्या रकमेवरही व्हॅट. विमानतळाचं शुल्क आणि त्यावर राज्याचा कर अशी खिचडी. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं हा आकार सगळ्या विमानतळांवर बंद केला. विमानतळाची जी रक्कम गेली ती एईआरएनं इतर दरांत बसवून दिली. विमान कंपनीची बचत झाली ती मुख्यतः त्यावरच्या कराची.

दिल्ली आणि मुंबईत आणखी एक प्रवाह आहे. चालक कंपनी एकूण महसुलातला वाटा भारतीय विमानतळ प्राधिकरणाला (एईआरए नव्हे, सरकारी विमानतळ चालवणारी संस्था) देते, दिल्ली ४५.९९%, मुंबई ३८.७%. हा वाटा खर्च म्हणून दरात धरता येत नाही, असं करारातच आहे. तो प्राधिकरणाच्या हाती जातो आणि तोट्यातले छोटे विमानतळ चालवायला प्राधिकरणाला त्याचा मोठा आधार असतो.

आता एएसएफ. जुलै २०१९ पासून पीएसएफच्या (प्रवासी सेवा शुल्काच्या) सुरक्षा भागाची जागा विमान सुरक्षा शुल्कानं घेतली. एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवाशाला २०० रुपये आणि आंतरराष्ट्रीयला १२ डॉलर. हा पैसा राष्ट्रीय विमान सुरक्षा शुल्क न्यासाकडे जमा होतो आणि सुरक्षा दलाच्या खर्चासाठी वापरतात. पूर्वी विमानतळ चालक तो एस्क्रो, म्हणजे ठरलेल्या कामासाठी राखून ठेवलेल्या, खात्यात ठेवत, आणि त्यातून स्कॅनरसारखी भांडवली खरेदी करावी की नाही यावर वाद झाले. २०१४ मध्ये मंत्रालयानं असा खर्च परत जमा करायला सांगितला आणि प्रकरणं न्यायालयांत गेली. ‘सुरक्षेसाठी’ एवढं लिहून भागत नाही. पगार की यंत्र, हेही लिहावं लागतं, हा त्यातला धडा.

‘नुसतंच नाव वेगळं’ या शंकेला मात्र सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर आहे. २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर विकास शुल्क सुरू झालं, देशांतर्गत २०० आणि आंतरराष्ट्रीय १,३०० रुपये. कन्झ्युमर ऑनलाइन फाउंडेशन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २६ एप्रिल २०११ ला न्यायालयानं म्हटलं की विमानतळ प्राधिकरण कायद्याच्या २२अ कलमाखालचं हे शुल्क सेवेचा मोबदला नाही, विशिष्ट हेतूसाठीची करसदृश वसुली आहे, आणि म्हणून कायद्यानं सांगितलेल्या पद्धतीशिवाय ती करता येणार नाही. त्या कलमात हेतू तीनच आहेत: त्याच विमानतळाचं विस्तारीकरण, त्याच्या बदल्यात नवा विमानतळ, किंवा अशा नव्या विमानतळाच्या कंपनीत भागभांडवल. हेतूला बांधलेला पैसा म्हणजे काय, याचं भारतीय विमानतळांपुरतं सगळ्यात स्पष्ट उदाहरण हे.

हिशेबी

फारच उपयोगी. ट्रू-अपचा मुद्दा टिपणात घेतोच. दोन गोष्टी राहिल्या. अमेरिकेचं कोणी सांगेल का? आणि राज्यानं एटीएफमधून किती कमावलं आणि विमानतळांवर किती घातलं हे ताळेबंदात शोधायचं कुठे?

परदेशी_खाते

अमेरिकेबद्दल जे वाचलंत ते बरंचसं खरं आहे, पण सरसकट नाही.

आधी संघराज्याचा कर वेगळा काढा. व्यावसायिक विमानाच्या केरोसिनवर गॅलनला ४.३ सेंट, खासगी वापराच्या जेटवर २१.८ सेंट, पिस्टन विमानाच्या गॅसोलिनवर १९.३ सेंट (शिवाय भूमिगत टाक्यांच्या गळती निधीसाठी ०.१ सेंट). हे पैसे १९७० साली निर्माण केलेल्या विमानतळ व हवाईमार्ग विश्वस्त निधीत जातात. देशांतर्गत तिकिटावरचा ७.५% कर आणि मालवाहतुकीवरचा ६.२५% करही तिथेच. त्यातून हवाई वाहतूक नियंत्रण आणि विमानतळांची अनुदानं चालतात.

तुम्ही विचारताय तो नियम राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या करांबद्दलचा. १९८२ च्या कायद्यानं अनुदान घेणाऱ्या विमानतळाला अट घातली की त्याचा महसूल त्याच विमानतळाच्या, स्थानिक विमानतळ व्यवस्थेच्या, किंवा मालकाच्याच आणि हवाई वाहतुकीशी थेट व भरीव संबंध असलेल्या सुविधांच्या भांडवली व चालू खर्चासाठीच वापरायचा. ३० डिसेंबर १९८७ च्या दुरुस्तीनं विमान इंधनावरचे स्थानिक करही या बंधनात आणले. पळवाट एकच: त्या तारखेला जे कर लागू होते त्यांना सूट. १९९६ मध्ये ४७१३३ हे कलम आलं आणि संघराज्याची मदत घेतलेल्या कुठल्याही विमानतळाला हे लागू झालं. राज्याचा इंधनकर राज्याच्या विमान वाहतूक कार्यक्रमासाठी वापरता येतो, आवाज कमी करण्याच्या उपायांवरही खर्च चालतो.

कागदावर स्वच्छ आहे, अमलात घोळ झाला. कर गोळा करणारा विमानतळ नसतो, राज्याचं महसूल खातं असतं. इंधनावर स्वतंत्र कर असेल तर रक्कम वेगळी दिसते. पण बऱ्याच ठिकाणी इंधन सर्वसाधारण विक्रीकराखाली येतं, विक्रेता सगळ्या मालाचं एकच विवरणपत्र भरतो, आणि त्यातलं विमान इंधन किती हे राज्यालाच माहीत नसतं. विमान वाहतूक प्रशासनानं, म्हणजे एफएएनं, ७ नोव्हेंबर २०१४ ला सुधारित धोरण जाहीर करून सांगितलं की सर्वसाधारण विक्रीकरातला इंधनाचा भागही बांधील आहे, आणि कर लावणारी संस्था विमानतळाची मालक नसली तरी सुटका नाही. ८ डिसेंबर २०१५ पर्यंत कृती आराखडा द्यायचा आणि ८ डिसेंबर २०१७ पर्यंत पूर्ण पालन करायचं. काही राज्यांना त्यासाठी विवरणपत्रात नवा रकाना घालावा लागला.

पोट दुखलं ते शेजारच्या संस्थांचं. अटलांटाचा विमानतळ शहराच्या मालकीचा, पण बराचसा क्लेटन काउंटीच्या हद्दीत. तिथल्या इंधनावरच्या विक्रीकराचा वाटा काउंटीला आणि शाळांना मिळत होता, तो जाणार म्हटल्यावर मोठा वाद झाला. विमानाचा आवाज काउंटीनं ऐकायचा आणि कर विमानतळानं घ्यायचा, हा त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

न पाळल्यास अनुदान थांबतं, आणि वळवलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दिवाणी दंड होऊ शकतो. अनुदान हाच खरा लगाम. ज्या विमानतळानं संघराज्याचा पैसाच घेतला नाही त्याला नियम लागत नाही.

जाता जाता: आंतरराष्ट्रीय पातळीवर शिकागो कराराचं (१९४४) २४ वं कलम उतरणाऱ्या विमानाच्या टाकीतल्या इंधनाला करातून सूट देतं. पण देशांतर्गत उड्डाणाच्या इंधनावर कर लावायला किंवा तो कुठेही खर्चायला ते आड येत नाही.

लोकलेखा

ताळेबंदात शोधायची पद्धत सांगतो. जमेची बाजू: राज्याच्या अर्थसंकल्पात मुख्य लेखाशीर्ष ००४०, विक्रीकर व व्यापार इत्यादींवरील कर. एटीएफचा आकडा तिथे सुटा मिळणार नाही. महाराष्ट्र मूल्यवर्धित कर कायद्यात एटीएफ डी अनुसूचीत, पेट्रोल-डिझेल आणि मद्याच्या पंगतीत, म्हणून गटाचा आकडा मिळाला तरी तो कामाचा नाही. वस्तू व सेवा कर विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा, पण ‘विमान इंधनाचा कर किती’ असं मोघम विचारू नका. अमुक वर्षात एटीएफच्या अमुक दराखाली भरलेला कर, दरनिहाय, अशी मागणी करा. कंपन्यांची नावं मागितलीत की त्रयस्थाची माहिती म्हणून अर्ज लांबतो.

खर्चाची बाजू: ३०५३ नागरी विमान वाहतूक (महसुली) आणि ५०५३ त्यावरील भांडवली खर्च. इथे दोन ठिकाणी फसगत होते. महाराष्ट्रात विमानतळांचा बराच खर्च महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीमार्फत होतो, तो या शीर्षांत भागभांडवल किंवा अनुदान म्हणून एकाच ओळीत दिसतो. शिर्डीवर किती गेले ते कंपनीच्या वार्षिक अहवालात बघावं लागेल. आणि नवी मुंबईत राज्याचा हात सिडकोतून आहे, २६% भागभांडवल, ते अर्थसंकल्पात दिसतच नाही. उडानचा राज्याचा वाटा, म्हणजे व्यवहार्यता तफावत निधीचे (तोट्याच्या मार्गांवर विमान कंपनीला मिळणाऱ्या भरपाईचे) २०%, तोही मोजा. शिवाय उडान विमानतळाला मोफत दिलेली जमीन, पोलीस आणि अग्निशमन सेवा इतर खात्यांच्या शीर्षांत जिरलेली असते.

अमेरिकेसारखं बंधन इथे घाला असं कोणी सुचवतं तेव्हा एक विसरतं. व्हॅट सगळ्यात जास्त गोळा होतो मुंबईत, आणि मुंबईचा विमानतळ एईआरएच्या सूत्रानं आधीच आपला खर्च प्रवाशांकडून वसूल करतो. व्हॅट तिथेच बांधला तर तो खर्चायला जागा नाही, आणि वसुली दुहेरी. राज्यभरच्या विमानतळांसाठी निधी म्हणून बांधला तर अर्थ आहे, पण त्यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागेल, नुसता शासन निर्णय पुरणार नाही.

कागदपत्रे

तिसऱ्या प्रश्नातला व्यवहाराचा भाग सुटला होता. यूडीएफ आणि पीएसएफ विमान कंपनी विमानतळाच्या वतीनं ‘प्युअर एजंट’ (निव्वळ मध्यस्थ) म्हणून गोळा करते, त्यावरचा १८% जीएसटी भरण्याची जबाबदारी विमानतळ चालकाची (ऑक्टोबर २०१९ चं परिपत्रक, क्रमांक ११५). विमान कंपनीला गोळा करण्याबद्दल जे वसुली शुल्क मिळतं ती वेगळी सेवा, त्यावर तिनं वेगळा जीएसटी भरायचा. टिपणात दोन्ही एकत्र धरू नका, नाहीतर यूडीएफ दोनदा मोजला जाईल.

आणि तिकीट रद्द केलं किंवा प्रवास केलाच नाही, तर यूडीएफ, पीएसएफ आणि वैधानिक कर परत मिळतात. भाडं ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी, सवलतीचं असलं तरी. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परतावा नियमांत तसं लिहिलं आहे. इंधनावरचा व्हॅट मात्र मूळ भाड्यात मुरलेला असतो, त्याचा परतावा मागायला रकानाच नाही.

हिशेबी

आभार. ००४० आणि ५०५३ घेऊन बसतो. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा इथेच टाकेन, दरनिहाय रकाने बरोबर आलेत का तेवढं बघा.

धावपट्टी_२७

मसुद्यात ५% चे दोन रकाने करा: घोषित मालाचे ५% वेगळे आणि मुंबई-पुणे-रायगड सोडून उर्वरित राज्याच्या दराचे ५% वेगळे. टक्केवारी एक असली तरी कायदा वेगळा आहे. एकत्र आकडा आला तर मोठी विमानं लहान विमानतळांवर किती भरतात ते कधीच कळणार नाही.